निळी, पिवळी, हिरवी: एसआयपी जुळणी चाचणीच्या प्रकल्प नोंदी

४ जून

कामाची व्याप्ती आज पक्की झाली. एसआयपी, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्या-तोडण्याचा प्रोटोकॉल, बोलणाऱ्या तीन अंमलबजावण्या (त्यावर लिहिलेली सॉफ्टवेअर) आहेत; त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहायचं आहे. तिघींचे लेखक वेगळे, प्रोग्रामिंगच्या भाषाही वेगळ्या. नोंदींत खऱ्या नावांऐवजी रंग वापरतोय. निळी आणि पिवळी ही दोन टोकं, दोघीही कॉल लावतात आणि घेतात. हिरवी मधली प्रॉक्सी, म्हणजे मेसेज पुढे पोहोचवणारी मध्यस्थ; कोण कुठल्या पत्त्यावर आहे याची नोंद ठेवणारी रजिस्ट्रारही तीच. मूळ आधार जून २००२चा आरएफसी ३२६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका). मीडियाच्या ऑफर आणि उत्तरासाठी, म्हणजे आवाज कसा पाठवायचा ते ठरवण्यासाठी, ३२६४, सेशन टायमरसाठी ४०२८, आणि वाकड्यातिकड्या मेसेजसाठी ४४७५.

तिन्ही चमूंनी स्वतःच्या चाचण्या पार झाल्याचे अहवाल पाठवलेत. ते बाजूला ठेवले. पाठवणारा भाग ज्याने लिहिला त्यानेच घेणारा भाग लिहिलेला असतो, त्यामुळे मानकातल्या एखाद्या वाक्याचा त्याने लावलेला अर्थ दोन्ही टोकांना सारखाच उतरतो. अर्थ चुकीचा असला तरी कॉल लागतो आणि चाचणी पास दिसते. हे जुन्या लोकांना पुरेपूर माहीत होतं. सप्टेंबर १९८७च्या आरएफसी १०२५मध्ये जॉन पोस्टेल यांनी टीसीपीच्या (पॅकेट पोहोचल्याची खात्री करणाऱ्या वाहतुकीच्या) जुळणी चाचण्यांसाठी गुण देण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. तिथे स्वतःशीच जोडणी उघडता आली तर १ गुण मिळतो, आणि तो सगळ्यात खालच्या गटात. दुसऱ्याशी उघडता आली की २, आणि गट वरचा.

प्रत्येक बिघाडाखाली तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: तारेवरचं कॅप्चर (प्रत्यक्ष गेलेल्या पॅकेटची नोंद), मानकातल्या कलमाचा क्रमांक, आणि कोड कोणी बदलायचा. ‘दोघांनी सांभाळून घेतलं’ असा निकाल या नोंदींत चालणार नाही.

५ जून

तिन्ही अंमलबजावण्या खरोखर स्वतंत्र आहेत का ते तपासलं. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या प्रक्रियेत याला पूर्वीपासून वजन आहे. १९९६च्या आरएफसी २०२६नुसार मानकाला पुढची पायरी गाठायची तर वेगवेगळ्या कोडमधून आलेल्या किमान दोन अंमलबजावण्या एकमेकींशी चालल्या पाहिजेत. २०११मध्ये आरएफसी ६४१०ने पायऱ्या कमी केल्या, पण स्वतंत्र अंमलबजावण्यांची अट राहिली.

प्रत्येक चमूकडून वापरलेल्या लायब्ररींची यादी मागवली. पिवळी आणि हिरवी हेडर (मेसेजमधल्या माहितीच्या ओळी) वाचायला एकच ओपन सोर्स पार्सर, म्हणजे मजकुराची फोड करणारा कोड, वापरतात. म्हणजे मेसेज वाचण्याच्या चाचण्यांपुरत्या या दोघी एकच. निकालाच्या तक्त्यात तिथे एकच मत धरायचं. टायमर, ट्रान्झॅक्शन (एक विनंती आणि तिची उत्तरं), डायलॉग (दोन टोकांमधला अख्खा कॉल) हे भाग मात्र दोघींचे स्वतःचे आहेत.

६ जून

मांडणी. तीन मशीन, एक स्विच, कॅप्चर मिरर पोर्टवरच्या (जिथे सगळ्या पॅकेटची प्रत मिळते) चौथ्या मशीनवर. सगळ्यांची घड्याळं एनटीपीने एकमेकांशी जुळवून लावलेली. अंमलबजावणीच्या स्वतःच्या लॉगवर निकाल द्यायचा नाही. लॉग सांगतो की कोडला काय पाठवल्यासारखं वाटलं, आणि तारेवर काय गेलं ते फक्त कॅप्चरला माहीत असतं.

९ जून

नोंदणी. रजिस्टर (नोंदणीची विनंती), ४०१ (‘आधी ओळख पटवा’), परत रजिस्टर, २०० ओके (मान्य). दोघींची हिरवीशी नोंदणी पहिल्याच फटक्यात झाली. पण कॅप्चर वाचताना पिवळीच्या ऑथरायझेशन हेडरवर नजर अडली. तिने क्यूओपी या ओळख पटवण्यातल्या पॅरामीटरची किंमत अवतरणचिन्हांत घातली होती. आव्हानात, म्हणजे ४०१मध्ये, ती अवतरणांत असते. क्लायंटच्या उत्तरात ती उघडी हवी. आरएफसी ३२६१च्या कलम २५मधलं व्याकरण याबाबत स्पष्ट आहे, संदिग्ध काहीच नाही.

मग हिरवीने हे घेतलं कसं? कारण पार्सर तोच. तो अवतरणं न विचारता काढून टाकतो. परवाची लायब्ररींची यादी नसती तर ही ओळ ‘पास’ म्हणून पुढे गेली असती. खात्री करायला निळीला कॉल घेणाऱ्या टोकावर बसवलं आणि तिच्याकडून ४०१ द्यायला लावलं. पिवळीचं उत्तर तिने नाकारलं, आणि योग्यच केलं.

कलम २५. बदल पिवळीकडे.

११ जून

साधे कॉल. निळी आणि पिवळी थेट जोडल्या तर दोन्ही दिशांनी ठीक. कॅन्सल ठीक, बिझी ठीक. हिरवी मध्ये आली की निळीने लावलेला कॉल टिकतो, पिवळीने लावलेला मात्र लागतो, आवाज येतो, बोलणं होतं आणि ३२व्या सेकंदाला तुटतो. दर वेळी ३२.

१२ जून

३२ सेकंद हा आकडा एसआयपीत कुठून येतो हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असतं. टी१ (मेसेजच्या एका फेरीला लागणारा अंदाजे वेळ) ५०० मिलिसेकंद, त्याची ६४ पट ३२ सेकंद. कॉल घेणाऱ्याने २०० ओके पाठवला आणि त्याची पोच म्हणून अ‍ॅक आला नाही तर तो २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवत राहतो: अर्ध्या सेकंदाने, मग १, मग २, मग दर ४ सेकंदांनी. हे काम टीसीपीवरही करायचं असतं, कारण पुढच्या एखाद्या टप्प्यावर यूडीपी (पोहोचण्याची हमी न देणारी वाहतूक) असू शकतो. ६४ टी१ होईपर्यंत अ‍ॅक नाही आला तर बाय, म्हणजे कॉल संपवणारा मेसेज. म्हणजे तक्रार ‘कॉल तुटतो’ अशी असली तरी दोष पहिल्याच सेकंदात घडून गेलेला असतो.

कॅप्चरमध्ये अगदी तसंच आहे. निळी २०० ओके परत परत पाठवतेय. पिवळी प्रत्येक वेळी अ‍ॅक देतेय. पिवळीचा अ‍ॅक हिरवीपर्यंत पोहोचतो आणि पुढे निघत नाही.

हिरवीचं रेकॉर्ड-रूट (पुढचे मेसेजही माझ्यामार्फतच पाठवा ही सूचना) बंद करून पाहिलं. आता अ‍ॅक प्रॉक्सीला वगळून थेट निळीच्या कॉन्टॅक्ट पत्त्यावर गेला आणि कॉल टिकला. म्हणजे निळी आणि पिवळीचा आपसात वाद नाही, पिवळीचा अ‍ॅक आणि हिरवी यांच्यात काहीतरी आहे.

मग व्हाया हेडरची ब्रँच, म्हणजे ट्रान्झॅक्शनची ओळखखूण, पाहिली. पिवळी अ‍ॅकमध्ये इन्व्हाइटचीच (कॉल लावणाऱ्या विनंतीचीच) ब्रँच परत वापरते. नकाराच्या उत्तराला, म्हणजे ३०० ते ६९९ला, हे बरोबर आहे. तो अ‍ॅक त्याच ट्रान्झॅक्शनचा भाग असतो, एका टप्प्यापुरता. २००चा अ‍ॅक मात्र स्वतंत्र असतो, टोकापासून टोकापर्यंत जातो आणि त्याला नवी ब्रँच लागते. सीसेकचा (विनंतीच्या अनुक्रमाचा) आकडा इन्व्हाइटचाच, ब्रँच नवी. थेट जोडणीत निळी अ‍ॅक डायलॉगवरून ओळखते, ब्रँच बघत नाही, त्यामुळे तिथे काही जाणवलं नाही.

तर दोष पिवळीचा. पण तेवढ्यावर नोंद बंद करणं पटेना, कारण हिरवीने अ‍ॅक गिळायचं काय कारण? सप्टेंबर २०१०चा आरएफसी ६०२६ काढला. इन्व्हाइट स्वीकारला गेल्यावर सर्व्हर ट्रान्झॅक्शन लगेच संपवू नये, ‘अ‍ॅक्सेप्टेड’ नावाच्या अवस्थेत ६४ टी१ इतका वेळ जिवंत ठेवावं, म्हणजे उशिरा आलेले तेच ते इन्व्हाइट तिथे शोषले जातात, ही दुरुस्ती त्याने केली. हिरवीने ती अवस्था बांधली आहे. मात्र त्याच कलमात असंही आहे की या अवस्थेत आलेला अ‍ॅक शोषायचा नाही, वरच्या थराकडे द्यायचा. हिरवीने इन्व्हाइट आणि अ‍ॅक दोन्ही शोषले.

दोष दोन. जुनी ब्रँच वापरणारी पिवळी भेटली नसती तर हिरवीचा दोष कधीच दिसला नसता. अ‍ॅक गिळणारी हिरवी नसती तर पिवळीचा दिसला नसता. आणि यातला कुठलाही एक दुरुस्त केला की कॉल टिकतो, दुसरा झाकला जातो.

१३ जून

अपेक्षेप्रमाणे पिवळीचा सुधारित कोड आधी आला. कॉल टिकला. हिरवीच्या चमूकडून लगेच विचारणा झाली की आता आमच्याकडे बदल हवाच आहे का. हवा आहे. एसआयपीपी या चाचणीच्या साधनात हाताने एक प्रसंग लिहिला, जो २००ला मुद्दाम जुन्याच ब्रँचचा अ‍ॅक देतो. तो हिरवीकडून जसाच्या तसा चालवून घेतला आणि कॉल ३२व्या सेकंदाला तुटलेला दाखवला. हा प्रसंग आता कायमच्या संचात. दुरुस्त झालेल्या पिवळीवर विसंबून हिरवीची परीक्षा घेता येणार नाही.

१६ जून

आरएफसी ४४७५, मे २००६. यातले मेसेज जाणूनबुजून पीळ घातलेले आहेत, पण त्यातले बरेचसे पूर्णपणे वैध आहेत आणि ते वाचता आलेच पाहिजेत. पहिलाच इन्व्हाइट घ्या. हेडरची नावं लहानमोठ्या अक्षरांत, काही आखूड रूपात, कोलनच्या आधी मोकळी जागा, एक हेडर अनेक ओळींवर दुमडलेलं, नावात अवतरणाच्या आत अवतरण.

निळी इथे अडली, आणि अडली ती फार गमतीच्या जागी. मॅक्स-फॉरवर्ड्‌सची (मेसेजने जास्तीत जास्त किती टप्पे जायचं त्या आकड्याची) किंमत ‘००६८’ लिहिलेली आहे. निळीच्या कोडने पुढची शून्यं पाहून आकडा अष्टमान पद्धतीचा धरला. अष्टमानात ८ हा अंक नसतो. म्हणून ४००, म्हणजे ‘विनंती चुकीची’. सीसेकमधल्या ‘०००९’वरही तेच झालं असतं, पण तिथपर्यंत पोहोचायच्या आतच तिने हात टेकले. मानकात हे साधे दशमान आकडे आहेत. बदल निळीकडे, एका ओळीचा.

पिवळी आणि हिरवी दोघी एका यूआरआयवर, म्हणजे एसआयपीच्या पत्त्यावर, अडल्या, जिथे वापरकर्त्याच्या नावातच अर्धविराम आहे. ‘@’च्या आधीचा अर्धविराम नावाचा भाग असतो, नंतरचा पॅरामीटरची सुरुवात. पार्सरने पहिला अर्धविराम दिसताच नाव तोडलं. तक्त्यात एकच दोष म्हणून धरला, कारण कोड एकच. दुरुस्ती त्या लायब्ररीच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवायला सांगितलं, आपापल्या प्रतीत ठिगळ लावू नका असं दोन्ही चमूंना कळवलं. मूळ प्रकल्पात दुरुस्ती झाली तर ती लायब्ररी वापरणाऱ्या, आम्ही कधी न पाहिलेल्या लोकांनाही ती मिळते. हे काम असं बाहेर पसरतं तेव्हा फार समाधान वाटतं.

१७ जून

प्रॅक, म्हणजे कॉल उचलण्याआधीच्या तात्पुरत्या उत्तरांची पोच, आरएफसी ३२६२. सगळं पास. नोंदण्यासारखं काही नाही.

१९ जून

कॉल चालू असताना दाबलेले आकडे. निळीकडून पिवळीकडे पोहोचत नाहीत, उलट दिशेने पोहोचतात.

आवाजाच्या प्रवाहात हे आकडे टेलिफोन-इव्हेंट म्हणून जातात. पद्धत आरएफसी ४७३३ची, त्याआधी २८३३ होता. त्याला ९६ ते १२७मधला एखादा पेलोड क्रमांक (पॅकेटमध्ये काय आहे ते सांगणारा) एसडीपीतून, म्हणजे ऑफर आणि उत्तराच्या मजकुरातून, नेमून द्यायचा असतो. निळीने ऑफरमध्ये १०१ दिला, पिवळीने उत्तरात ९६.

ऑफरमधल्या क्रमांकाचा अर्थ ‘मी पाठवताना १०१ वापरीन’ असा नाही. ‘मला पाठवाल तेव्हा १०१ वापरा’ असा आहे. उत्तरातल्या ९६चंही तसंच. म्हणजे निळीने ९६ने पाठवायचं, पिवळीने १०१ने. पिवळी बरोबर १०१ने पाठवते. निळी आपणच सुचवलेला १०१ धरून बसते आणि पिवळीला तो क्रमांक अनोळखी असल्याने ती पॅकेट टाकून देते.

पिवळीच्या वागण्यालाही बोट लावता येतं. ३२६४ म्हणतो की त्याच कोडेकसाठी (आवाज आकड्यांत मांडायच्या पद्धतीसाठी) उत्तरात तोच क्रमांक ठेवावा. पण ते ‘ठेवावा’ आहे, ‘ठेवलाच पाहिजे’ नाही. निळीच्या चमूने हीच ओळ पुढे करून बदल पिवळीकडे ढकलायचा प्रयत्न केला. माझं उत्तर असं: पिवळीने शिफारस पाळली नाही, निळीने अर्थ पाळला नाही. या दोन गोष्टी एका वजनाच्या नाहीत. उद्या तिसरं कुणी अगदी रास्त कारणाने वेगळा क्रमांक देईल तेव्हा निळी पुन्हा गप्प होईल. बदल निळीकडे, पिवळीला सूचना.

निळी स्वतःशी बोलते तेव्हा दोन्हीकडे १०१च असतो. ही चूक तिच्या घरच्या चाचणीत दिसणं शक्यच नव्हतं.

२३ जून

एकाच क्षणी दोन्ही टोकांनी री-इन्व्हाइट (चालू कॉलमध्ये बदल मागणारी विनंती) पाठवला तर काय होतं ते पाहायचं होतं. दोघांनीही समोरच्याचा इन्व्हाइट ४९१ने (‘आधीची विनंती अजून बाकी’) परतवायचा आणि थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. किती थांबायचं हे ३२६१च्या कलम १४.१मध्ये मुद्दाम असमान ठेवलं आहे. कॉल-आयडी ज्याने निर्माण केला त्याने २.१ ते ४ सेकंदांतला एक यादृच्छिक काळ, दुसऱ्याने ० ते २ सेकंदांतला, दोन्ही १० मिलिसेकंदांच्या पटीत. दोन पट्टे एकमेकांवर येतच नाहीत, त्यामुळे दुसरी धडक टळते. साधी, सुंदर युक्ती आहे.

स्विचवर धडक घडवणंच जमेना. पॅकेट इतक्या झटपट पोहोचतात की कुणीतरी एक नेहमी आधी असतो. लिनक्सच्या नेटएम या साधनाने तारेवर प्रत्येक दिशेला २०० मिलिसेकंदांचा उशीर घातला आणि दर वेळी धडक मिळू लागली. प्रयोगशाळेतली तार खऱ्या जाळ्यापेक्षा फार चांगली असते, आणि सिग्नलिंगच्या चाचणीत तोच तिचा तोटा आहे. उशीर आता सगळ्या चाचण्यांना लावायचा.

निकाल: निळी ४९१ मिळताच थांबतच नाही, त्याच क्षणी पुन्हा पाठवते. पिवळी यादृच्छिक काळ थांबते. बहुतेक वेळा पिवळीचा काळ पुरेसा मोठा निघतो आणि कॉल सावरतो. मग पिवळीचा आकडा हाताने शून्यावर बांधला, जे मानकात बसतं. ४९१ची फेरी सुटेचना. कधीतरीच दिसणारा दोष हवा तेव्हा दाखवता आला म्हणून आता तो दुरुस्त होईल. नाहीतर ‘पुन्हा घडलं नाही’ म्हणून बंद झाला असता. बदल निळीकडे.

२५ जून

बैठक, आणि मतभेद. ९ तारखेच्या क्यूओपीच्या अवतरणांवर निळीच्या चमूने सुचवलं की आम्हीही ती खपवून घेतो, म्हणजे सगळ्यांशी जमेल. आधार दिला पोस्टेल यांच्या जुन्या तत्त्वाचा: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार. हे तत्त्व १९८१च्या आरएफसी ७९३मध्ये आहे, आणि त्या काळी त्याने जाळं उभं राहायला मदत केली यात शंका नाही.

पण औदार्याची किंमत पुढच्याला मोजावी लागते. आज निळीने अवतरणं खपवली की पिवळीला ती काढायचं कारण उरत नाही. मग उद्या नव्याने लिहिणाऱ्याला मानकासोबत पिवळीची सवयही शिकावी लागते, आणि ती सवय कुठेच लिहिलेली नसते. जून २०२३चा आरएफसी ९४१३ याच प्रश्नावर आहे. प्रोटोकॉलची देखभाल करणारे हयात आणि हाताशी असतील तर चूक पोटात घालण्यापेक्षा दाखवून द्यावी, असा त्याचा रोख आहे. आमच्याकडे तिन्ही चमू एका टेबलाशी बसलेत. दुरुस्तीची यापेक्षा चांगली संधी कुठली?

याला अपवाद आहे आणि तो मी स्वतः मांडला. आयपीव्ही६वर व्हाया हेडरच्या ‘रिसीव्ह्ड’ पॅरामीटरमध्ये पत्ता चौकटी कंसाशिवाय येतो असं ३२६१चं व्याकरण सांगतं. त्याच मानकात इतरत्र तोच पत्ता कंसात असल्याने कित्येकांनी इथेही कंस घातले. आरएफसी ५११८ने हे ओळखून सांगितलं की दोन्ही रूपं वाचता आली पाहिजेत. तिथे उदार व्हायचं, कारण ते औदार्य लिहून ठेवलेलं आहे आणि सगळ्यांसाठी सारखं आहे.

ठरलं: अवतरणं पिवळीने काढायची, निळी काटेकोरच राहणार. कंसांची दोन्ही रूपं तिघींनी वाचायची.

२७ जून

सेशन टायमर, म्हणजे मुदतीत नूतनीकरण झालं नाही तर कॉल संपवणारी सोय. होल्डवर ठेवलेला कॉल बरोबर एका मिनिटाने तुटतो.

मुदत किमान, म्हणजे ९० सेकंद लावली होती. निळीने कॉल लावला, नूतनीकरणाची जबाबदारी तिचीच, ‘रिफ्रेशर’ म्हणून ‘यूएसी’, म्हणजे विनंती पाठवणारी बाजू. ४५ सेकंदांनी तिने नूतनीकरण केलंही. मग पिवळीने होल्डसाठी री-इन्व्हाइट पाठवला आणि त्यात रिफ्रेशर ‘यूएएस’ लिहिलं. तिच्या दृष्टीने जबाबदारी अजून निळीचीच आहे आणि या नव्या विनंतीत निळी ही घेणारी बाजू, म्हणजे यूएएस. आरएफसी ४०२८ला हेच अपेक्षित आहे, यूएसी आणि यूएएस त्या त्या विनंतीपुरते असतात.

निळीने मात्र कॉल लागतानाच्या भूमिका कायमच्या गृहीत धरल्या. तिच्या लेखी यूएएस म्हणजे पिवळी. तिने नूतनीकरण थांबवलं. आता दोघी एकमेकींची वाट पाहतायत. वाट पाहणाऱ्या बाजूने मुदतीआधी ३२ सेकंद किंवा मुदतीचा एक तृतीयांश, यातलं जे कमी असेल तितकं आधी बाय पाठवायचा. ९०चा तृतीयांश ३०, म्हणून ६०व्या सेकंदाला दोन्हीकडून बाय, तारेवर एकमेकांना ओलांडून. कॅप्चरमध्ये ते दोन बाण असे छेदताना दिसले तेव्हा कारण शोधायला वेगळं काही करावंच लागलं नाही.

बदल निळीकडे. १८०० सेकंदांच्या नेहमीच्या मुदतीवर हाच दोष जवळपास अर्ध्या तासाने उगवला असता आणि कुणी त्याचा होल्डशी संबंध जोडला नसता. मुदत असलेली प्रत्येक चाचणी किमान मुदतीवर आधी चालवायची.

३० जून

मोठा इन्व्हाइट. वाटेचा एमटीयू (एका पॅकेटमध्ये मावणारे जास्तीत जास्त बाइट) माहीत नसेल तर १३०० बाइटांवरची विनंती टीसीपीसारख्या वाहतुकीवरून पाठवायची, कलम १८.१.१. पिवळी टीसीपीकडे वळते. निळीच्या मशीनवर फायरवॉलने टीसीपी निमूटपणे टाकून दिला, ना रिसेट, ना आयसीएमपी, म्हणजे नकाराचा कुठलाच निरोप नाही. रिसेट आला असता तर पिवळी यूडीपीवर परतली असती. शांततेत तिला परतायचं कारण मिळत नाही. मांडणीचा दोष, अंमलबजावणीचा नाही. फायरवॉल उघडून पास.

२ जुलै

पिवळी आणि निळीचे सुधारित कोड घेऊन सगळा संच उशिरासह पुन्हा चालवला. निळीचा रिफ्रेशर, ४९१चं थांबणं, पेलोड क्रमांक, अष्टमान आकडे: चारही पास. पिवळीची ब्रँच आणि अवतरणं पास.

हिरवी जुन्या ब्रँचचा अ‍ॅक अजून गिळते, एसआयपीपीचा प्रसंग नापास आहे. त्यांचा बदल पुढच्या आठवड्यात अपेक्षित. अर्धविरामाचा पॅच मूळ लायब्ररीकडे गेलाय, तिथल्या देखभालकर्त्यांनी आणखी एक चाचणी मागितली, ती आज पाठवली.

फोर्किंग, म्हणजे एकच कॉल एका वेळी अनेक टोकांकडे पाठवणं, उरलं आहे. एकाच इन्व्हाइटला दोन टोकांकडून २०० ओके आले तर कॉल लावणाऱ्याने दोघांनाही अ‍ॅक द्यायचा आणि नको असलेल्याला बाय. त्यासाठी कॉल घेणाऱ्या दोन बाजू हव्यात आणि त्या वेगवेगळ्या कोडच्या हव्यात. निळी लावणार, पिवळी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बसायला चौथी अंमलबजावणी मागितली आहे. तिच्या लायब्ररींची यादी आधी.